सतरा नंबरची निगेटिव्ह

माझ्या खोलीतल्या कपाटाच्या वरच्या खणात बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा आहे. त्यातली बिस्किटे कोणत्या नाताळात संपली ते आता कोणाला आठवत नाही. बटर पेपरच्या पाकिटांत घातलेल्या माझ्या जुन्या निगेटिव्ह त्यात आहेत. वसईच्या पावसाळ्यात त्यांना बुरशी लागू नये म्हणून पूर्वी मी डब्यात भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवीत असे. हल्ली औषधांच्या बाटल्यांतून येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून ठेवतो. या डब्यातल्या एका निगेटिव्हविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते, परंतु ते धाडस होत नव्हते. तिच्यामुळे मला माझ्या आयुष्यातले पहिले आणि एकमेव मोठे पारितोषिक मिळाले, आणि तिच्याचमुळे माझा एक बालमित्र दुरावला.

१९८३ साली मी आमच्या छायाचित्र मंडळाचा सभासद झालो. 'छायाचित्र मंडळ' हे नाव भारदस्त वाटते. प्रत्यक्षात आम्ही दहाबारा जण होतो. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळच्या मिस्सानंतर, शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन आम्ही बसत असू. सभासदांत एक बँकेतले कारकून, एक रेल्वेचे मोटरमन, दोन शिक्षक, एक शिक्षिका, दादरला फुले घेऊन जाणारे एक वाडीवाले आणि बाजारातल्या स्टुडिओचे मालक असे होते. स्टुडिओवाले काका आमचे अध्यक्ष. लग्ने आणि पहिल्या ख्रिस्तशरीराचे समारंभ टिपून ते पोट भरीत, पण त्यांचा जीव निराळ्या छायाचित्रणात होता. मुंबईत १९३७ साली स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडियाविषयी ते अशा आदराने बोलत की जणू ते एखादे तीर्थस्थान होते. सलोनला पाठवलेल्या आपल्या छायाचित्रांच्या पाठीवरची लेबले ते आम्हांला दाखवीत. चित्रापेक्षा पाठच जास्त वेळ पाहायला मिळे असे आम्ही त्यांच्या मागे म्हणत असू. आज वाटते की त्या लेबलांसाठी त्यांनी किती रात्री जागवल्या असतील!

त्या दिवसांत फिल्म ही काटकसरीने वापरण्याची वस्तू होती. पूर्व जर्मनीची ओर्वो मिळे, उदकमंडलमच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' मिळे. मंडळ शंभर फुटांचा अखंड रोल विकत घेई आणि अध्यक्ष रात्री दारेखिडक्या लावून, वर गोधडी पांघरून, अंदाजाने त्याचे छत्तीस-छत्तीस चित्रांचे तुकडे डब्यांत भरीत. एका रोलमधून अठरा डबे निघत. माझ्या वाट्याला महिन्याला एक डबा येई. म्हणजे महिन्याला छत्तीस वेळा बटण दाबण्याची मुभा! कॅमेरा होता सेकंड हँड रशियन झेनिट. गळ्यात अडकवला की मान दुखे, आणि शटरचा आवाज असा की झाडावरचा बगळा उडून जावा.

फिल्म धुण्याचे काम आमच्या स्वयंपाकघरात, घरातले सगळे झोपल्यावर चाले. धुण्याच्या रसायनाचे तापमान वीस अंश हवे असे पुस्तकात छापलेले असे. परंतु मे महिन्यात आमच्या माठातले पाणीसुद्धा त्याहून गरम. मग संध्याकाळी मासळीबाजारातून बर्फाचा तुकडा आणून परातीत ठेवायचा आणि त्यात रसायनाची बाटली उभी करायची. त्या बर्फाला बोंबलांचा वास असे. आई म्हणे, "तुझ्या फोटोंनाही आता मांजरं लागतील." लाल कागद गुंडाळलेल्या दिव्याखाली पांढऱ्या कागदावर हळूहळू एक चेहरा उमटू लागे तेव्हा मात्र तीही दारात येऊन उभी राही.

आमच्या धर्मग्रामात त्या वेळी एक तरुण सहायक धर्मगुरू होते. त्यांनाही कॅमेऱ्याचा नाद. एका बैठकीत त्यांनी आम्हांला सेकोंदो पिया या इटालियन हौशी छायाचित्रकाराची हकिकत सांगितली. तुरीन येथे जपून ठेवलेल्या कफनवस्त्राचे छायाचित्र त्याने २८ मे १८९८ रोजी घेतले. रात्री अंधारखोलीत काच धुताना त्याला दिसले की निगेटिव्हमध्ये त्या वस्त्रावरचे पुसट डाग एका माणसाच्या स्पष्ट मुखवट्यासारखे दिसत आहेत. काच हातातून पडता पडता वाचली, असे सांगतात. फादर म्हणाले, "वस्त्राचं काय ते विद्वान ठरवतील. तुम्ही एवढं लक्षात ठेवा की निगेटिव्ह नीट बघायची असते. घाई करू नका." आम्ही माना डोलावल्या. मीही डोलावली होती.

स्पर्धेची पद्धत ठरलेली होती. प्रत्येकाने दोन छायाचित्रे द्यायची, नाव पाठीमागे लिहायचे, पुढे फक्त शीर्षक. तीन-चार महिन्यांतून एकदा मुंबईहून परीक्षक येत. त्यांना स्टेशनवरून आणायचे, चहा आणि केळ्याची वेफर द्यायची, आणि मग एकेक चित्र फळीवर ठेवून दिव्याचा झोत त्यावर टाकायचा. दहापैकी गुण. परीक्षक बोलत असताना ज्याचे चित्र असेल त्याने चेहरा कोरा ठेवायचा हा अलिखित नियम; पण कान लाल झालेला माणूस लगेच ओळखू येई. "क्षितिज मधोमध आहे." "डाव्या कोपऱ्यातली ती बादली नजर खेचते." "हे केवळ नोंद म्हणून ठीक आहे." हे शेवटचे वाक्य सर्वांत लागे. नोंद म्हणजे जे समोर होते ते तसेच टिपलेले, आणि कला म्हणजे त्यातून नको ते काढून टाकलेले, अशी आमची समजूत झाली होती. जे शिकवले गेले ते सारे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. प्रकाश कोणत्या बाजूने येतो हे पाहायला मी तिथेच शिकलो. परंतु आमच्या वाडवडिलांची विहीर, बैल, पडवी, उखळ हे सारे 'नोंद' या एका शब्दाखाली आम्ही बाजूला सारले, आणि वसईच्या किल्ल्यातली तीच कमान वर्षानुवर्षे टिपीत बसलो.

किल्ल्यातल्या सहली मात्र आनंदाच्या. पहाटे साडेपाचला पापडीहून सायकली निघत. सेंट जोसेफच्या मनोऱ्यावर कोवळे ऊन पडले की आम्ही दहा जण दहा दिशांना पांगायचो आणि थोड्या वेळाने जेझुइटांच्या चर्चच्या दर्शनी भिंतीसमोर पुन्हा एका ओळीत उभे राहायचो. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे पोर्तुगिजांनी राबती ठेवलेली ती जागा. आता छप्पर नसलेल्या चर्चमध्ये गवत आणि थडग्यांचे दगड. अध्यक्षांचा दंडक होता की पहिला अर्धा तास कॅमेरा पिशवीतून काढायचा नाही. नुसते फिरायचे. हा दंडक पाळणाऱ्या त्या एकट्या शिक्षिकाबाई. त्यांनी थडग्यावर अभ्यासाला बसलेल्या एका विद्यार्थ्याचे छायाचित्र काढले होते. त्याला चार गुण मिळाले. ते चित्र आज माझ्या डोळ्यांसमोर जसेच्या तसे आहे, आणि त्या दिवशी कोणाचा पहिला क्रमांक आला ते आठवत नाही.

एकदा आम्ही होडीने अर्नाळ्याच्या बेटावर गेलो. बांबूंवर बोंबील वाळत टाकणाऱ्या एका कोळीणबाईभोवती आम्ही पाचजणांनी गराडा घातला. तिने बराच वेळ सोसले आणि मग कमरेवर हात ठेवून विचारले, "नेता तर सगळे, आणून कोण देतो?" आम्ही हसलो. पत्ता लिहून घेतला. फोटो कोणीच नेऊन दिला नाही.

आता त्या निगेटिव्हकडे येतो.

१९८७ च्या फेब्रुवारीतली सकाळ होती. माझ्या त्या बालमित्राच्या वाडीत एक मोठे बावखल होते. बावखल म्हणजे वसईच्या वाड्यांतले गोड्या पाण्याचे तळे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको; पण पुढच्या पिढीला सांगावे लागेल. तोवर बहुतेक वाड्यांवर विजेचे पंप आले होते. यांच्या बावखलावर मात्र रहाट अजून शाबूत होता आणि वीज गेली की बैल जुंपीत. मी सायकलवरून जाताना रहाटाचा करकर आवाज ऐकून थांबलो. मित्राची आई, जिला मी लहानपणापासून मावशी म्हणत आलो, काठावरच्या दगडावर बसली होती. लाल लुगडे, कानांत सोने, हात मांडीवर. ऊन बाजूने येत होते. मी "मावशी, हलू नका" म्हणालो, आणि त्या म्हणाल्या, "हलते कुठे मी? बसलेच आहे." मी तीन वेळा बटण दाबले.

महिनाभराने फिल्म धुतल्यावर सतरा नंबरची निगेटिव्ह मला आवडली. मावशींची नजर डावीकडे कुठेतरी लागलेली होती. चित्राचा बाकीचा भाग मला खटकला. डाव्या बाजूला त्यांची सून पाण्यात कळशी बुडवीत होती, तिच्याजवळ चार वर्षांचा नातू ओणवा झाला होता, मागे रहाट, आणि बैलाचे अर्धे शरीर कडेने कापले गेलेले. 'नजर विभागते,' असे मी परीक्षकांच्या भाषेत मनाशी म्हटले. एन्लार्जर दांड्यावर वर वर चढवीत गेलो, तोवर की कागदावर फक्त मावशी आणि त्यांच्यासमोरचे रिकामे पाणी उरले. निगेटिव्हचा जेमतेम तिसरा हिस्सा. एवढा मोठा केल्यामुळे चित्र रवाळ झाले होते. पुठ्ठ्यावर चिकटवून मी खाली शीर्षक लिहिले: 'एकाकी'.

त्या वेळचे परीक्षक मोठे अभ्यासू गृहस्थ होते. ते त्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "या वृद्धेच्या अंगावरचं काळं वस्त्र पाहा. तिची नजर पाहा. ती जिथे पाहते आहे तिथे काहीही नाही. हे वाट पाहणं आहे." रवाळपणाचेसुद्धा त्यांनी कौतुक केले, वार्धक्याच्या त्वचेचा पोत त्यातून जाणवतो म्हणाले. दहापैकी नऊ गुण. माझे कान लाल झाले. वर्षाचा चषक मला मिळाला. मी काही बोललो नाही. काय बोलणार होतो? कृष्णधवल फिल्मवर लाल रंग काळपट राखाडी उमटतो हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते, आणि ते लुगडे लाल आहे हे फक्त मला.

त्या वर्षी नाताळच्या आठवड्यात मंडळाने धर्मग्रामाच्या सभागृहात प्रदर्शन भरवले. माझे चित्र दारासमोरच होते, कोपऱ्यात चषकाची चिठ्ठी. रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सारा गाव आत आला. मावशीही आल्या. सोबत मुलगा, सून, दोन्ही नातवंडे आणि नालासोपाऱ्याहून आलेली लेक. मोठ्या नातीने शीर्षक मोठ्याने वाचून दाखवले. मावशी आमच्या बोलीत जे बोलल्या ते मी इथे प्रमाण मराठीत देतो. त्या म्हणाल्या, "माझं लुगडं काळं कसं झालं? मी कोणाच्या दुखवट्यात आहे?" लोक हसले. मग त्या चित्राजवळ गेल्या, बोटाने डावीकडची चौकट चाचपली आणि मला विचारले, "बाळा, सून कुठे गेली?"

मी म्हणालो, "मावशी, त्या फोटोत बसत नव्हत्या."

हे खोटे होते. त्या बसत होत्या. मी त्यांना काढले होते.

मावशी आणखी काही बोलल्या नाहीत. मित्राने चित्राकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि बायकोला घेऊन बाहेर गेला. त्याचा अर्थ मला दुपारपर्यंत कळला नाही. गावात मात्र लगेच कळला होता. भरल्या घरातल्या आईला 'एकाकी' म्हटले, तेही चर्चच्या सभागृहात, सगळ्यांसमोर. म्हणजे मुलगा-सून बघत नाहीत असेच ना? ज्या सुनेने सासूची दोन दुखणी काढली होती तिला विहिरीवर बायका विचारू लागल्या, "काय गं, म्हातारीला एकटी टाकता का?" मी दुसऱ्या रविवारी कॅमेरा घेऊन त्यांच्या घरी गेलो. म्हटले, सगळ्यांचा एकत्र चांगला फोटो काढतो. मित्र पडवीतून उठला नाही. म्हणाला, "काढलास तेवढा पुरे."

त्यानंतर आम्ही एकाच चर्चमध्ये, एकाच मिस्साला, जवळजवळ छत्तीस वर्षे गेलो. शांतीची भेट देताना तो उजवीकडे वळे, मी डावीकडे.

१९९० साली आमच्या भागाच्या नियोजनासाठी सिडकोची नेमणूक झाली आणि त्यानंतर वसई किती झपाट्याने बदलली ते वाचकांनी पाहिलेच आहे. हिरव्या पट्ट्यासाठी आंदोलने झाली. काही वाचले, पुष्कळ गेले. मावशी १९९९ मध्ये वारल्या. महिन्याच्या मिस्साला वाटलेल्या कार्डावर त्यांच्या मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून छापला होता. तो चेहरा कोणाचाही असू शकला असता. मी ते कार्ड प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवले. माझ्या कपाटातल्या डब्यात सतरा नंबरची निगेटिव्ह होती आणि मी गेलो नाही. लाज ही मोठी विचित्र गोष्ट. ती जितकी जुनी होते तितकी दार ठोठावणे कठीण होते. आणखी काही वर्षांनी बावखल मातीने भरले गेले. तिथे आता चार मजली इमारत आहे.

मंडळ अजून आहे असे म्हणावे लागेल. रंगीत फोटो तासाभरात धुऊन देणारी यंत्रे आली, मग फिल्मच गेली, अध्यक्षांचा स्टुडिओ झेरॉक्सचे दुकान झाला. ते स्वतः २००८ मध्ये गेले. उरलेल्यांचा मोबाइलवर एक गट आहे. रोज सकाळी सूर्योदयाची चित्रे येतात आणि त्यांखाली अंगठे. गुण देणारा कोणी नाही, म्हणून कान लाल होत नाहीत. सहली होतात, पण अर्धा तास कॅमेरा न काढण्याचा दंडक आता कोणाला सांगणार?

२०२३ च्या सणाच्या वेळी आमच्या धर्मग्रामातल्या तरुणांनी जुन्या वसईची चित्रे गोळा करायची ठरवले. रहाट, बावखले, पानवेलीचे मांडव, कौलारू घरे. एका संध्याकाळी एक चाळिशीचा गृहस्थ माझ्या दारात आला. मी ओळखले नाही. त्याने वडिलांचे नाव सांगितले. "अंकल, आमच्या बावखलाचा एखादा फोटो तुमच्याकडे असेल का? आमच्या घरी एकही नाही. मुलांना रहाट म्हणजे काय ते सांगता येत नाही." मी त्याला बसायला सांगितले आणि डबा काढला.

माझ्या मुलाने निगेटिव्ह स्कॅनरवर ठेवली आणि सारे चित्र पडद्यावर एकदम आले. छत्तीस वर्षांपूर्वी मी ते बोटाच्या पेराएवढ्या आकारात, उलट्या छटांत पाहिले होते, आणि त्यानंतर फक्त माझा तुकडा पाहिला होता. आता नीट पाहिले. नातू पाण्यावर फार ओणवला होता. सुनेने एका हाताने कळशी धरली होती आणि दुसऱ्या हाताने, मागे न पाहता, त्याच्या सदऱ्याचे टोक पकडले होते. आणि मावशींची नजर, जिच्यात परीक्षकांना वाट पाहणे दिसले आणि मलाही दिसले होते, ती नेमकी त्या पोरावर होती. तोंड किंचित उघडे. ओरडण्याच्या बेतात होत्या.

तो गृहस्थ म्हणाला, "हा मीच ना?"

मी पूर्ण निगेटिव्हची प्रत काढून घेतली, काहीही न कापता. फ्रेम केली नाही. फ्रेमची आता भीती वाटते. रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर ती घेऊन मी गेलो. मित्र तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट बंद होती. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाला तीन जिने चढताना विचार करायला पुष्कळ वेळ मिळतो. मी क्षमा मागण्याची चार वाक्ये जुळवली होती. दार सुनेने, म्हणजे मित्राच्या पत्नीने उघडले. तिचे केस पांढरे झाले आहेत. मी काही न बोलता पाकीट तिच्या हाती दिले. ती खिडकीकडे गेली, चष्मा लावला, आणि पाहता पाहता खुर्चीवर बसली.

"हे तेव्हा दाखवलं असतंत तर," एवढेच ती म्हणाली. जुळवलेल्या चार वाक्यांपैकी मला एकच आठवले, ते मी बोललो.

मित्र आतून आला. त्याने फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. आईकडे बराच वेळ पाहिले असावे. मग कडेला कापल्या गेलेल्या बैलावर बोट ठेवून त्याने मला विचारले, "हा मोत्या की सर्जा?"

"शिंगं दिसत नाहीत," मी म्हणालो.

"मोत्या. शेपटीचा गोंडा पांढरा आहे बघ." फोटो टेबलावर ठेवून तो म्हणाला, "आणखी तीन प्रती काढ. बहिणींना लागतील. पैसे घ्यायचे." मग स्वयंपाकघराकडे वळून त्याने चहा टाकायला सांगितले.